३,८११ पैकी बरे किती? : न्यूयॉर्कमध्ये क्षयरोग परतला त्याचे प्रकरण

१९७८ साली न्यूयॉर्क शहरात क्षयरोगाचे १,३०७ रुग्ण नोंदले गेले. म्हणजे लाखामागे १७. त्या शहराने इतका कमी आकडा तोवर कधी पाहिला नव्हता. १९९२ साली रुग्ण होते ३,८११, लाखामागे ५२. चौदा वर्षांत जवळपास तिप्पट. मधल्या काळात औषधे संपली नव्हती. उलट आयसोनायझिडच्या जोडीला रिफाम्पिसिन १९७१ पासूनच अमेरिकेत मिळत होते आणि या दोन गोळ्यांवर बहुतेक टीबी महिन्यांच्या हिशेबात बरा होत होता. डॉक्टर होते, प्रयोगशाळा होत्या, जगातल्या श्रीमंत शहरांपैकी ते एक शहर होते. तरीही क्षय परतला, आणि परतला तो औषधांना न जुमानणाऱ्या रूपात.

आपल्याकडे टीबी दुर्मीळ नाही. भारतात आजही वर्षाला लाखामागे दोनशेच्या आसपास लोकांना तो होतो. खेड्यात असो की मुंबईच्या चाळीत, कोणाच्या तरी घरी सहा महिन्यांचा कोर्स चालू असतोच. त्यामुळे क्षय जवळजवळ संपलेल्या देशात काय घडते हा प्रश्न आपल्याला परका वाटू शकतो. मला तो तसा वाटत नाही. रोग कमी होत जातो तेव्हा काय सांभाळायचे आणि काय सोडायचे हे ठरवण्याची वेळ आज ना उद्या आपल्यावरही येणार आहे. शिवाय या प्रकरणाचा एक धागा मद्रासहून निघून न्यूयॉर्कला जातो आणि तिथून थेट आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कपाटापर्यंत येतो.

जागतिक आरोग्य संघटना ज्या देशात वर्षाला लाखामागे १० पेक्षा कमी रुग्ण आढळतात त्याला क्षयाचे प्रमाण कमी असलेला देश म्हणते. २०१४ साली अशा ३३ देशांसाठी तिने वेगळी कार्यचौकट मांडली. या मोजपट्टीने अमेरिका १९८५ सालीच त्या गटात बसली असती: त्या वर्षी देशभरात २२,२०१ रुग्ण होते, लाखामागे ९.३. पण अशा देशांत सरासरी फसवी असते. क्षय सगळीकडे सारखा विरळ होत नाही. तो बहुसंख्य घरांतून नाहीसा होतो आणि काही ठिकाणी दाट साचून राहतो: तरुणपणी संसर्ग झालेले म्हातारे, क्षय जास्त असलेल्या देशांतून आलेली माणसे, आणि समाजाच्या काठावर ढकललेले लोक, म्हणजे बेघर, कैदी, व्यसनात अडकलेले, एचआयव्ही असलेले. संसर्ग झालेल्या दहांपैकी नऊ जणांना आयुष्यभर काहीच होत नाही. जंतू फुप्फुसात झोपून राहतो, त्याला सुप्त संसर्ग म्हणतात. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचली की मात्र निरोग्याचा आयुष्यभराचा धोका एकेका वर्षात समोर उभा राहतो. त्यामुळे वरवर शांत दिसणाऱ्या शहरातही लाखो सुप्त संसर्ग असतात, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी यंत्रणा हटली की आकडे चढायला वेळ लागत नाही.

खाटा गेल्या, त्यांच्यामागून सगळेच गेले

न्यूयॉर्कला क्षयाची लढाई नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हर्मन बिग्ज या डॉक्टरने शहराच्या आरोग्य खात्यात राहून क्षयरुग्णांची नोंद सक्तीची केली. खासगी डॉक्टरांनाही १८९७ पासून रुग्ण कळवावा लागे आणि डॉक्टर मंडळी त्यावर चांगलीच संतापली होती. सार्वजनिक आरोग्य पैसे मोजून मिळवता येते, आपल्याकडे किती माणसे मरावीत हे नैसर्गिक मर्यादेत समाजच ठरवू शकतो, असे बिग्ज म्हणत. पुढच्या सत्तर वर्षांत शहराने ते पैसे मोजले: छातीचे दवाखाने, घरोघरी जाणाऱ्या परिचारिका, रुग्णालयांत क्षयासाठी राखलेल्या खाटा.

१९६८ साली महापौर जॉन लिंडसे यांच्या कारकिर्दीत एक कृतिगट बसला. त्या वेळी शहराचा क्षयावरचा खर्च सुमारे ४ कोटी डॉलर होता आणि त्यातला मोठा वाटा हजारभर खाटांवर जात होता. गटाने सांगितले की खाटा कमी करा, रुग्णांवर घरी राहून उपचार करा आणि वाचलेला पैसा बाह्यरुग्ण दवाखान्यांना द्या.

हा सल्ला चुकीचा नव्हता. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण याच ठिकाणी प्रकरणाची गाठ आहे. घरी राहून क्षय बरा होतो हे जगाला भारताने दाखवले होते. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. तिथे निम्मे रुग्ण आरोग्यधामात ठेवले आणि निम्मे त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत. १९५९ साली निष्कर्ष आले: औषध तेच दिले तर घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे होतात आणि घरातल्यांना वेगळा धोका होत नाही. भाकरीला महाग असलेल्या माणसाला बरे होण्यासाठी ना पौष्टिक आहार लागला, ना डोंगरावरची हवा. जगभरची आरोग्यधामे बंद होण्यामागे हा अभ्यास आहे.

पण मद्रासच्या पथकाने आणखी एक गोष्ट केली होती. रुग्णाच्या घरी ते न सांगता जाऊन गोळ्या मोजायचे, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते बघायचे. त्यात त्यांना दिसले की बरे वाटू लागले की माणूस गोळ्या सोडतो. गरीब सोडतो, सुशिक्षित सोडतो, सगळेच सोडतात. म्हणून त्या पथकाचे प्रमुख वॉलेस फॉक्स आणि त्यांचे सहकारी पुढे आग्रहाने सांगू लागले की गोळी कोणाच्या तरी समोर घेतली गेली पाहिजे. म्हणजे मद्रासचा धडा दोन भागांचा होता. खाट काढा, हा पहिला भाग. खाटेऐवजी माणूस रुग्णाच्या दारात पाठवा, हा दुसरा. न्यूयॉर्कने पहिला भाग घेतला.

खाटा बंद झाल्या. वाचलेला पैसा दवाखान्यांपर्यंत पोहोचलाच नाही. १९७२ साली केंद्र सरकारने खास क्षयासाठी दिले जाणारे अनुदान बंद करून सरसकट आरोग्य निधीत मिसळले, आणि जो निधी कशासाठीही वापरता येतो तो क्षयासाठी उरत नाही. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या काठावर गेले, आरोग्य खात्यातली माणसे कमी झाली, दवाखाने एकामागून एक मिटले. १९७९ पर्यंत राज्यानेही हात काढून घेतला. प्रत्येक टप्प्यावर कारण एकच दिले गेले असणार आणि ते पटण्यासारखेही होते: रुग्ण तर कमी होत आहेत.

न्यू जर्सीतले क्षयतज्ज्ञ ली राइखमन यांनी नंतर याचा आलेख काढला. रोग उतरतो तशी काळजी उतरते, काळजी उतरते तसा पैसा आटतो, मग रोग चढतो आणि त्याच्या मागून धापा टाकत काळजीही चढते.

एचआयव्हीच्या आधी

न्यूयॉर्कच्या क्षयाची गोष्ट सांगताना बहुतेक जण सुरुवात एचआयव्हीपासून करतात. ती सोयीची आहे, कारण मग दोष विषाणूला देता येतो. आकडे तसे सांगत नाहीत. १९७८ च्या १,३०७ वरून १९७९ साली रुग्ण १,५३० झाले, एका वर्षात १७ टक्के वाढ. एड्सची पहिली नोंद १९८१ सालची. म्हणजे चढण लागली तेव्हा एड्सला नावही नव्हते. एचआयव्हीने आगीत तेल ओतले, प्रचंड ओतले, यात शंका नाही. १९८९ चे २,५४५ रुग्ण १९९० मध्ये ३,५२० झाले ही उडी त्याच्याशिवाय समजत नाही. पण आग आधीच लागलेली होती, आणि ती विझवणारे तोवर घरी पाठवले गेले होते.

दुसरे सोयीचे कारण म्हणजे स्थलांतरित. तेही त्या काळापुरते खरे नव्हते. ऐंशीच्या दशकातली वाढ मुख्यतः अमेरिकेतच जन्मलेल्या, गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या पुरुषांमध्ये होती. मध्य हार्लेममध्ये १९९० च्या सुमारास लाखामागे दोनशेच्या वर रुग्ण होते. आज संपूर्ण भारताचा जो दर आहे, तो तेव्हा मॅनहॅटनच्या एका भागाचा होता. तिथून काही मैलांवर शेअर बाजार होता.

हार्लेम, १९८८

कॅरन ब्रुडनी आणि जे डॉबकिन या दोन डॉक्टरांनी १९८८ साली हार्लेम हॉस्पिटलमध्ये एक साधे काम केले. लागोपाठ दाखल झालेल्या २२४ क्षयरुग्णांची यादी घेतली आणि पुढे त्यांचे काय झाले ते शोधले. त्यातले बहुसंख्य बेघर होते किंवा आज इथे उद्या तिथे राहणारे होते. १७८ जणांना उपचार चालू ठेवण्यासाठी गोळ्या देऊन घरी सोडले होते. घरी, म्हणजे ज्यांना घर होते त्यांना. या १७८ पैकी ८९ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला नाही. पुढच्या तारखेला ते आलेच नाहीत. काही महिन्यांनी त्यातले कित्येक पुन्हा खोकत, रक्त थुंकत त्याच वॉर्डात दाखल झाले, पुन्हा जरा बरे झाले आणि पुन्हा गेले.

या ८९ टक्क्यांकडे रुग्णांचा बेजबाबदारपणा म्हणून बघणे सोपे आहे. पण सोडताना हातात एक चिठ्ठी आणि दवाखान्याची तारीख दिली जात होती, आणि दवाखान्यात गेल्यावर तासन्‌तास बसावे लागत होते. ज्याला रात्री झोपायची जागा शोधायची आहे तो माणूस महिनोन्‌महिने रोजच्या गोळ्या कुठे ठेवणार? ब्रुडनी आणि डॉबकिन यांनी न्यूयॉर्कची तुलना निकाराग्वाशी केली. युद्धाने पोखरलेला, गरीब देश, पण तिथे रुग्ण गळाला तर त्याला शोधायला कोणीतरी जात होते. आरोग्यव्यवस्थेचा दर्जा पैशाने ठरतो असे आपण गृहीत धरतो. या एका रोगात तरी गळालेल्या माणसाच्या मागे कोणी जाते की नाही, यावर जास्त ठरते.

अर्धवट कोर्सचा परिणाम आपल्याला माहीत आहे. थोडे थोडे औषध मिळाल्याने साधे जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे वाढतात. मग तो रुग्ण खोकतो आणि ज्याने आयुष्यात टीबीची एकही गोळी घेतलेली नाही त्यालाही थेट औषधप्रतिरोधक टीबी होतो.

एकाच छताखाली

तो खोकायला जागाही तशाच होत्या. वॉशिंग्टन हाइट्समधल्या जुन्या लष्करी कवायतशाळेच्या प्रचंड दालनात शहराने बेघर पुरुषांसाठी निवारा केला होता. एका छताखाली रांगेने लोखंडी खाटा आणि रात्रीला हजाराच्या आसपास माणसे. रायकर्स बेटावरचे तुरुंग अमली पदार्थांविरुद्धच्या कडक कायद्यांमुळे फुगले होते. नव्वदच्या सुरुवातीला शहराच्या तुरुंगांत वीस हजारांच्या वर माणसे होती आणि बहुतेक जण काही आठवड्यांत सुटून परत वस्तीत जात. निवारा, तुरुंग, रुग्णालय, पुन्हा निवारा, अशी फेरी चालू होती आणि जंतू त्या फेरीत होता.

रुग्णालयांत तर आणखी वाईट. एचआयव्हीच्या वॉर्डात क्षयाचे निदान व्हायला वेळ लागे, कारण अशा रुग्णाचा एक्स-रे नेहमीच्या क्षयासारखा दिसत नाही. बेडका वाढवून कोणते औषध लागू पडते ते कळायला कित्येक आठवडे जात. तोवर तो रुग्ण साध्या खोलीत, उघड्या दाराशी, प्रतिकारशक्ती खचलेल्या इतर रुग्णांच्या शेजारी. १९९० ते १९९३ या काळात आयसोनायझिड, रिफाम्पिसिन, एथाम्ब्युटॉल आणि स्ट्रेप्टोमायसिन या चारही औषधांना न जुमानणारा एक वाण शहरातल्या अनेक रुग्णालयांत पसरला. त्याला ‘डब्ल्यू’ म्हणतात. अशा प्रतिरोधाच्या ३५७ रुग्णांचे जंतू तपासले तेव्हा २६७ जणांचे जनुकीय ठसे जुळले. त्यातले बहुतेक एचआयव्हीबाधित होते आणि बहुतेकांचा मृत्यू झाला. १९९१ मध्ये राज्याच्या उत्तर भागात, रुग्णालयात कैद्यांवर पहारा देणारा एक तुरुंगरक्षक असाच संसर्ग होऊन गेला. वर्तमानपत्रांनी हा विषय पहिल्या पानावर घेतला तो त्यानंतर. हार्लेमच्या १७८ जणांवर इतकी शाई खर्च झाली नव्हती हे वाचताना वाईट वाटते.

टॉम फ्रीडन तेव्हा तिशीतले होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, त्यांना साथरोगतज्ज्ञ म्हणून न्यूयॉर्कमध्ये नेमले होते. एप्रिल १९९१ मध्ये त्यांनी शहरात बेडक्यात जंतू सापडलेला प्रत्येक रुग्ण गोळा केला. ४६६ जणांचे नमुने मिळाले. ३३ टक्के निदान एका औषधाला प्रतिरोधक, आणि १९ टक्के आयसोनायझिड व रिफाम्पिसिन दोन्हींना, म्हणजे एमडीआर. त्याआधी उपचार घेतलेलेच नव्हते अशांतही प्रतिरोध दशकभरात १० वरून २३ टक्क्यांवर गेला होता. साऱ्या देशातल्या एमडीआर रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या या शहरात होते.

याच सुमारास आपल्याकडे मुंबईत एक पाहणी झाली होती. १९९१ साली ती प्रसिद्ध झाली. १०० खासगी डॉक्टरांना क्षयाचे औषध लिहायला सांगितले तर त्यांनी ८० वेगवेगळे उपचार लिहिले. न्यूयॉर्कमध्ये रुग्ण गळत होते, मुंबईत औषधच चुकत होते. जंतूच्या दृष्टीने दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात.

दारात जाणारी माणसे

१९९२ मध्ये फ्रीडन शहराच्या क्षयनियंत्रण विभागाचे प्रमुख झाले. आरोग्य आयुक्त मार्गारेट हॅम्बर्ग यांनी त्यांना मोकळीक दिली आणि भीतीपोटी का होईना, पैसा पुन्हा आला. पुढे जे केले त्यात एकही नवे औषध नव्हते. संशयित रुग्णाला पहिल्या दिवसापासून चार औषधे, म्हणजे एकाला प्रतिरोध असला तरी बाकीची जंतूला धरून ठेवतील. प्रयोगशाळेचे निकाल लवकर. रुग्णालयांत आतली हवा बाहेरच्या बाजूला खेचणाऱ्या वेगळ्या खोल्या आणि कर्मचाऱ्यांना नीट बसणारे मुखपट्टे. रायकर्सवर संसर्गजन्य रोगांसाठी स्वतंत्र विभाग. मोठे निवारे लहान करणे.

आणि माणसे. कित्येक भाषा बोलणारी, याच वस्त्यांत वाढलेली, गोळ्यांची पिशवी घेऊन रुग्णाला शोधत फिरणारी माणसे. रुग्ण जिथे असेल तिथे जायचे: भुयारी रेल्वेच्या फलाटावर, पुलाखाली, व्यसनींच्या पडक्या घरात, कामाच्या ठिकाणी. समोर गोळ्या घ्यायला लावायच्या, खूण करायची, उद्याची वेळ ठरवायची. सोबत रेल्वेचे टोकन, जेवणाचे कूपन, दुधाचे डबाबंद पेय. १९९४ मध्ये असे डोळ्यांसमोर औषध घेणारे १,२०० च्या वर रुग्ण होते. दशकभरापूर्वी ते शंभरही नव्हते.

हार्लेम हॉस्पिटलमध्ये, म्हणजे जिथून ८९ टक्के गळाले होते त्याच ठिकाणी, वफा अल सद्र यांनी हे काम आणखी पुढे नेले. त्यांचे म्हणणे होते की या माणसांना कुटुंब नाही, तर दवाखान्याने कुटुंब व्हावे. रुग्ण येई तेव्हा त्याला खायला मिळे, बसायला जागा असे, वाढदिवस साजरे होत, न आल्यास काळजीने चौकशी होई. कोर्स संपला की समारंभ. तेच रुग्ण, तोच रोग, तेच औषध, आणि आता बहुसंख्य लोक शेवटच्या गोळीपर्यंत टिकत होते. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. डोळ्यांसमोर औषध देण्याच्या या पद्धतीला डॉट्स म्हणतात; पण समोर उभे राहून गोळी गिळायला लावणे एवढेच डॉट्स असते, तर ते पहाऱ्याचे काम झाले असते. इथे कोणीतरी वाट पाहत होते.

पहाराही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. १९९३ मध्ये शहराने आरोग्य नियम बदलले आणि वारंवार उपचार सोडणाऱ्याला, तो त्या क्षणी संसर्ग पसरवत नसला तरी, कोर्स संपेपर्यंत रुग्णालयात अडकवून ठेवण्याचा अधिकार घेतला. पुढच्या दोन वर्षांत आठ हजारांहून अधिक रुग्णांपैकी ३०४ जणांवर असे कोणते ना कोणते आदेश निघाले, आणि १३९ जणांना प्रत्यक्ष बंदिस्त केले गेले. काहींना महिनोन्‌महिने रूझवेल्ट बेटावरच्या रुग्णालयात काढावे लागले. त्यांना वकील दिला जाई, न्यायालयात दाद मागता येई. दोन टक्क्यांहून कमी हे प्रमाण लहान दिसते, आणि आधी सगळे सौम्य मार्ग संपवूनच तिथवर जायचे असा नियम होता. तरीही ज्या शहराने वीस वर्षे त्या माणसाकडे पाहिले नाही, त्याने शेवटी त्याला कुलूप लावावे, हे मला सहज पचत नाही. शेजारच्या खाटेवरच्या एचआयव्ही रुग्णाचा जगण्याचा हक्क दुसऱ्या पारड्यात ठेवला, की त्या अधिकाऱ्यांच्या जागी मी वेगळे काय केले असते हेही सांगता येत नाही.

स्टिब्लो यांचा प्रश्न

याच काळात कारेल स्टिब्लो न्यूयॉर्कला आले. मूळचे चेक, हेगच्या क्षयरोग संस्थेचे, आणि टांझानियासारख्या गरीब देशात क्षयनियंत्रणाची पद्धत उभी करणारे वयोवृद्ध डॉक्टर. फ्रीडन यांनी त्यांना शहराचे काम उत्साहाने दाखवले. सगळे ऐकून घेतल्यावर स्टिब्लो यांनी एवढेच विचारले की गेल्या वर्षी तुम्हाला ३,८११ रुग्ण सापडले, त्यातले बरे किती झाले? फ्रीडन यांच्याकडे उत्तर नव्हते. टांझानियातल्या जिल्ह्याच्या रजिस्टरमध्ये ज्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक तिमाहीला लिहिले जात होते, ते न्यूयॉर्कच्या संगणकात नव्हते. त्याची लाज वाटली, असे फ्रीडन यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे.

त्यातून तिमाही आढाव्याची बैठक जन्मली. त्या तिमाहीत नोंदलेला एकेक रुग्ण सर्वांसमोर मांडायचा. कोणती औषधे, किती मात्रा चुकल्या, संपर्कातले किती तपासले, त्यातल्या किती जणांच्या सुप्त संसर्गावर उपचार सुरू झाले, आणि शेवटी काय झाले: बरा, मेला, गेला, सापडेना. काम करणारा कर्मचारी उभा राहून सांगतो आणि विभागप्रमुख विचारतो. पुढे इंग्लंडनेही हा आढावा उचलला.

रुग्ण १९९३ मध्ये ३,२३५ झाले, १९९४ मध्ये २,९९५, १९९८ मध्ये १,५५८. १९९२ मध्ये ४४१ असलेले एमडीआर रुग्ण त्याच दशकात पन्नासच्या आत आले. खर्च मात्र काही कोटी डॉलर वाचवण्याच्या नादात एक अब्ज डॉलरच्या वर गेला, असा अंदाज आहे. देशाच्या पातळीवर १९८९ साली सीडीसीने २०१० पर्यंत क्षय संपवण्याचा आराखडा काढला होता. १९९२ मध्ये त्या देशात २६,६७३ रुग्ण होते, दर सातांमागे एक न्यूयॉर्कचा, आणि लाखामागे १० ची रेषा देशाने पुन्हा उलट्या दिशेने ओलांडली होती.

पेटी

१९९६ मध्ये फ्रीडन जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने भारतात आले आणि २००२ पर्यंत राहिले. आपला सुधारित राष्ट्रीय क्षयनियंत्रण कार्यक्रम त्याच काळात प्रयोगापुरत्या जिल्ह्यांतून बाहेर पडून वाढला, आणि मार्च २००६ मध्ये त्याने सगळा देश व्यापला. ज्यांनी त्या वर्षांत प्राथमिक आरोग्य केंद्र पाहिले आहे त्यांना कपाटातल्या पेट्या आठवत असतील. नव्या रुग्णाची लाल, पुन्हा उपचार घेणाऱ्याची निळी. पेटीवर रुग्णाचे नाव आणि आत त्याचा अख्खा कोर्स, म्हणजे साठा संपला म्हणून मधेच गोळ्या बंद होण्याची सोयच ठेवलेली नव्हती. त्या पेटीकडे पाहताना कोणाला वाटले नसेल, पण तिच्यात मद्रासच्या लघवी तपासणीपासून हार्लेमच्या ८९ टक्क्यांपर्यंतचे सगळे होते. त्या पद्धतीतही उणिवा निघाल्या. एक दिवसाआड गोळ्या देण्याचा तिचा आग्रह पुढे सोडावा लागला आणि खासगी डॉक्टरांकडे जाणारा रुग्ण कित्येक वर्षे तिच्या बाहेरच राहिला.

न्यूयॉर्कचा क्षय आज वेगळा आहे. २०२२ मध्ये ५३६ रुग्ण होते, २०२३ मध्ये ६८४, २०२४ मध्ये ८३९. त्यातले जवळपास नव्वद टक्के अमेरिकेबाहेर जन्मलेले. बहुतेकांना संसर्ग कित्येक वर्षांपूर्वी मायदेशात झालेला असतो आणि रोग अमेरिकेत आल्यावर उठतो. म्हणून काम आता मागे सरकले आहे: रोग होण्याआधी सुप्त संसर्ग शोधायचा, तीन-चार महिन्यांची औषधे द्यायची. कोर्स फोनच्या कॅमेऱ्यासमोरही घेता येतो. क्वीन्समध्ये किंवा नदीपलीकडे न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला नोकरीच्या वा कॉलेजच्या आरोग्यतपासणीत ही चाचणी समोर येते. त्वचेची चाचणी होकारार्थी आली की ‘आम्ही लहानपणी बीसीजी घेतली आहे’ असे म्हणून विषय झटकण्याची सवय आपल्यात फार आहे. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, ती करून घेता येते. शहराच्या छातीच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधे फुकट आहेत आणि व्हिसा कोणता आहे हे तिथे विचारत नाहीत. तरीही अनेक जण भीतीने जात नाहीत, आणि घरच्यांना कळू नये म्हणून खोकला ऋतुबदलाच्या नावावर ढकलतात.

तिमाही आढाव्याची बैठक तिथे चालू आहे. २०२४ मध्ये नोंदलेल्या ८३९ जणांपैकी प्रत्येकाचे प्रकरण तिथे उघडले जाते, संपर्कातल्या माणसांसकट, आणि शेवटच्या रकान्यात कोर्स पूर्ण झाला की नाही ते लिहिल्याशिवाय ते मिटत नाही.